नियतकालिक विभाग, साडेआठ ते सात

सकाळी ८.३०

पावसाळ्यात दिवसाचं पहिलं काम म्हणजे भिंतीवरचा आर्द्रतामापक बघणं. काटा साठच्या वर असेल तर हवा कोरडी करणारं यंत्र लावायचं, त्याच्या डब्यात रात्रभर साठलेलं पाणी ओतून टाकायचं आणि कोपऱ्यातल्या कपाटांची दारं थोडा वेळ उघडी ठेवायची. मुंबईत फॅशनची मासिकं सांभाळायची तर दमट हवेशी रोजचं भांडण ठरलेलं. साधं वर्तमानपत्र भिजलं तर वाळवता येतं. आर्ट पेपरवर मात्र चिनी मातीचा थर असतो. रेशमाची चमक छायाचित्रात उतरते ती या थरामुळे, आणि ओला झाला की पानं एकमेकांना चिकटवतो तोही हाच थर. तसाच वाळू दिला तर अंकाची वीट होते. म्हणून अंक भिजलाच तर ओला असतानाच पानापानांत कोरा टीपकागद घालावा लागतो.

मी एका फॅशन डिझाइन महाविद्यालयाच्या ग्रंथालयात काम करते. पुस्तकं सहकाऱ्याकडे, नियतकालिकं माझ्याकडे. ‘व्होग’च्या तीन-चार देशांतल्या आवृत्त्या, ‘एल’, ‘हार्पर्स बझार’, जपानचं ‘सोएन’, आपली ‘फेमिना’ आणि ‘स्त्री’.

सकाळी ९.१५

काल संध्याकाळी लालबागहून खोकी आली. तिथल्या एका चाळीत पहिल्या मजल्यावर एक बाई शिवणाचा क्लास चालवायच्या. इमारत पुनर्विकासात गेली, क्लास थांबला, आणि बाईंनी सगळा संग्रह आम्हाला देऊन टाकला. वरच्या खोक्यात ‘बुर्दा’चे अंक, त्याखाली ‘फेमिना’ आणि ‘ईव्हज वीकली’, तळाशी वर्तमानपत्रात गुंडाळलेले ‘स्त्री’चे गठ्ठे. ‘बुर्दा’चे बरेचसे अंक फोर्टच्या फुटपाथवरून घेतलेले आहेत. मागच्या पानावर पेन्सिलीने लिहिलेली किंमत अजून दिसते.

खोक्यांबरोबर कार्यालयाची चिठ्ठीही आली होती: चांगले अंक ठेवा, फाटके रद्दीत द्या.

मला हे मान्य नाही, आणि आजचा दिवस मी त्याच कारणासाठी राखून ठेवला आहे. ‘व्होग’ने काय छापलं हे जगाला ठाऊक आहे. डिसेंबर १८९२पासूनचा अमेरिकन ‘व्होग’ पानन्‌पान संगणकावर बघता येतो. छापलेल्या पानाचं वाचकाने पुढे काय केलं, ते मात्र कुठेच ठेवलेलं नाही. लालबागच्या खोलीत जमिनीवर पसरलेला, खडूने माखलेला, कात्रीने कोपरा गेलेला अंक हाच त्याचा पुरावा. कोरी करकरीत प्रत दुसरीकडे मिळेल. ही मिळणार नाही.

तेव्हा पहिली छाननी. गंजलेल्या टाचण्या आणि क्लिपा सपाट पट्टीने उचलून काढायच्या. मऊ कुंचल्याने धूळ आणि कसरीची घाण अंकाच्या पाठीपासून बाहेरच्या बाजूला झटकायची. पानांत सापडलेली प्रत्येक चिठ्ठी, कापडाचा प्रत्येक तुकडा त्याच पानाच्या क्रमांकासह वेगळ्या पाकिटात. शिपाईदादांना मी एवढंच सांगितलं, “आज या खोलीतून रद्दीचं पोतं जाणार नाही.”

सकाळी १०.१५

‘बुर्दा’पाशी मी मुद्दाम जास्त वेळ थांबते.

१९५०च्या जानेवारीत जर्मनीतल्या ऑफेनबुर्ग गावी एने बुर्दा या बाईंनी ‘बुर्दा मोडेन’ काढलं. महायुद्धानंतरचा, टंचाईचा देश. चांगल्या बेताचे कपडे साध्या घरातल्या बाईलाही घालता यावेत, आणि ते तिने स्वतः शिवावेत, ही त्यामागची धारणा. १९५२पासून अंकातच कागदी पॅटर्न येऊ लागले, आणि हे मासिक घरोघरच्या शिलाई मशीनपर्यंत पोचलं.

हा पॅटर्नचा कागद ज्याने उघडून पाहिला नसेल त्याला कल्पना येणार नाही. टेबलभर मोठी घडी, दोन्ही बाजूंनी छापलेली. अंकातल्या सगळ्या कपड्यांचे तुकडे एकाच जागी एकमेकांवर टाकलेले. बाही, पाठ, कॉलर, पट्टी, सगळ्यांच्या रेषा एकमेकींना छेदत जातात. कुठली रेषा तांबडी, कुठली निळी, कुठली तुटक, कुठली ठिपक्यांची. हवा असलेला क्रमांक कागदाच्या कडेला शोधायचा, तिथून सरळ आत जाऊन तुकडा सापडवायचा, वर पातळ कागद ठेवून फक्त आपल्या मापाची रेषा गिरवायची. शिवणीची माया त्यात धरलेली नसते. ती आपण सोडायची. नवखी शिकाऊ मुलगी हे विसरते आणि ब्लाऊज अंगात शिरत नाही.

बाईंच्या कागदांवर दोन रंगांच्या पेन्सिली आहेत. निळ्या पेन्सिलीने छापील रेषा गिरवलेली, आणि तिच्या शेजारून तांबडीने काढलेली दुसरी रेषा. मुंढा खाली आणलेला, कमरेची खूण वर चढवलेली, छातीचा टक सरकवलेला. ‘बुर्दा’च्या नेहमीच्या मापांत १६८ सेंटिमीटर, म्हणजे साडेपाच फूट उंचीची बाई धरलेली असते. लालबागच्या गिऱ्हाइकांत तेवढ्या उंचीच्या बायका थोड्याच. छापलेला प्रत्येक कपडा बाईंनी असा नव्याने बेतला. माझ्या दृष्टीने तांबडी रेषा हा त्या अंकाचा दुसरा लेखक आहे, आणि नोंदवहीत त्याची दखल घ्यायलाच हवी.

असे लेखक जगभर होते. पूर्व जर्मनीत १९५६पासून ‘सिबिले’ नावाचं देखणं मासिक निघायचं. त्यातले कपडे दुकानांत बहुधा मिळत नसत, म्हणून वाचक बायका छायाचित्रं समोर ठेवून घरीच शिवायच्या. १९८७मध्ये ‘बुर्दा’ रशियनमध्ये निघालं. सोव्हिएत संघात रशियन भाषेत प्रसिद्ध झालेलं ते पहिलं पाश्चात्त्य मासिक. दुकानांत कपड्यांची चणचण असलेल्या देशात हे मासिक नुसतं चाळायला कुणी घेत नव्हतं. त्याच्या घडीतून कोट निघत होता, मुलांचे कपडे निघत होते.

सकाळी ११.३०

दुसऱ्या वर्षाचा तास. आठवड्यातून एकदा विद्यार्थी वाचनकक्षात येतात आणि मी त्यांना मासिक वाचायला शिकवते. त्यांना छायाचित्रकाराची, मॉडेलची, डिझायनरची नावं माझ्याहून जास्त ठाऊक असतात. मी अंक मागून उघडायला सांगते: वाचकांची पत्रं, बारीक टायपातल्या जाहिराती, पॅटर्न मागवायचं कूपन, वर्गणीचा दर. हा अंक कुणाच्या हातात जाणार होता हे तिथे कळतं.

आज पडद्यावर ‘गोडीज लेडीज बुक’ लावलं. फिलाडेल्फियात १८३०मध्ये सुरू झालेलं मासिक. त्यातली पोशाखांची चित्रं छापून झाल्यावर बायका बसून एकेक प्रत हाताने रंगवायच्या, त्यामुळे दोन प्रतींतले रंग अगदी सारखे नसत. १८३७पासून १८७७पर्यंत संपादक होत्या सारा जोसेफा हेल. नवरा गेल्यावर पाच मुलं वाढवण्यासाठी त्यांनी लेखणी धरली होती. घेरदार झग्यांच्या चित्रांशेजारीच त्या मुलींच्या शिक्षणाचा कैवार घेत राहिल्या.

मग त्यांना १८५० सालचं ख्रिसमसच्या झाडाचं चित्र दाखवलं. मूळ चित्र लंडनच्या साप्ताहिकातलं, राणी व्हिक्टोरियाच्या कुटुंबाचं. ‘गोडीज’ने राणीच्या डोक्यावरचा मुकुट काढला, राजपुत्र आल्बर्टच्या मिशा काढल्या, आणि एका अमेरिकन घराचं चित्र म्हणून छापलं. मुलं पुढे सरकून बघायला लागली. फोटो बदलणं आपल्याच पिढीने सुरू केलं असं त्यांना वाटत होतं.

इचलकरंजीची एक मुलगी कायम मागच्या बाकावर असते. घरी यंत्रमाग आहेत. तिने विचारलं, “मॅडम, यात आमच्या रंगाचं कुणी कधी यायचं?”

हा प्रश्न आला की मी घड्याळ बघत नाही. अमेरिकन ‘व्होग’च्या मुखपृष्ठावर पहिली कृष्णवर्णीय मॉडेल आली ती ऑगस्ट १९७४मध्ये, बेव्हर्ली जॉन्सन. म्हणजे मासिक सुरू झाल्यावर ब्याऐंशीव्या वर्षी. तोवर कृष्णवर्णीय वाचकांनी वाट बघत बसायचं का? शिकागोत १९४५मध्ये ‘एबनी’ निघालं होतं. १९५८पासून युनिस जॉन्सन यांनी ‘एबनी फॅशन फेअर’ गावोगाव नेला. पॅरिस, रोमचे कपडे त्या स्वतः जाऊन निवडून आणत, कृष्णवर्णीय मॉडेल ते घालून रंगमंचावर येत, आणि तिकिटातच मासिकाची वर्गणी धरलेली असे. जमणाऱ्या पैशांतून स्थानिक संस्थांना मदत होई. या मॉडेलना आपल्या कातडीला शोभेल असा चेहऱ्याचा रंग बाजारात मिळत नसे, त्या दोन-तीन रंग कालवून लावायच्या. ते पाहून १९७३मध्ये ‘एबनी’च्या कंपनीने सौंदर्यप्रसाधनं काढली. मासिकाने वाचकाला काय दिलं हे तर बघाच, पण वाचकाच्या गरजेने मासिकाला काय करायला लावलं तेही शोधा, असं मी मुलांना सांगते.

तास संपता संपता जपानची गोष्ट निघाली. १९७०मध्ये ‘आन-आन’ आणि पुढच्या वर्षी ‘नोन-नो’ ही मासिकं निघाली. त्यांत कपड्यांइतकीच प्रवासाची पानं असत. क्योटो, कानाझावा, कुराशिकी अशा जुन्या शहरांत तरुण मुली अंक बगलेत धरून फिरायला लागल्या. मुलींनी एकट्या-दुकट्या प्रवासाला निघणं तिथेही नवलाचं होतं. लोकांनी या मुलींच्या जमातीला दोन्ही मासिकांची नावं जोडून ‘आन-नोन’ म्हणायला सुरुवात केली. इचलकरंजीच्या मुलीने तेवढं वहीत लिहून घेतलं.

दुपारी १.१५

डबा. पाच मिनिटं डोळे मिटून.

दुपारी २

बाइंडरकाका आले. त्यांच्या वडिलांपासून ग्रंथालयाची बांधणी त्यांच्याकडे आहे. फार वर्षं अनेक ग्रंथालयांत अशी रीत होती की बारा अंक एकत्र बांधताना मुखपृष्ठं आणि जाहिरातींची पानं काढून टाकायची. जागा वाचते, खंड सडपातळ होतो, आणि ‘मजकूर’ तेवढा टिकतो. या रीतीने मराठी नियतकालिकांचं झालेलं नुकसान मोजता येणार नाही. दीनानाथ दलाल, रघुवीर मुळगावकर यांची मुखपृष्ठं बघून लोक दिवाळी अंक घ्यायचे. बांधीव खंडांत आज ती सापडत नाहीत. ‘अफगाण स्नो’ची, ‘लॅक्मे’ची, ‘उषा’ मशीनची जाहिरात गेली, आणि तिच्याबरोबर बायका काय विकत घेऊ शकत होत्या, कशासाठी पैसे साठवत होत्या, तेही गेलं. कथा-लेख पुढे पुस्तकात येऊ शकतात. जाहिरात परत कुठेच येत नाही.

काकांना मी म्हटलं, “या संग्रहाची बांधणी करायची नाही.”

ते जरा हिरमुसले. बारा अंकांचा एक खंड, पाठीवर कापड, सोनेरी अक्षरं, हे त्यांचं काम आणि त्यांची मिळकत. मग मी ‘बुर्दा’ची घडी त्यांच्यापुढे उलगडली. शिवलेल्या पाठीत ही घडी पुरती उघडणार नाही, दोनदा ओढली की सांध्यावर फाटेल. काकांनी चष्मा लावला, कागद उजेडात धरला, घडीच्या रेषेवरून बोट फिरवलं.

“पेटी करू,” ते म्हणाले. “पुस्तकासारखी उघडणारी. अंक एका कप्प्यात आडवे, कागद वरच्या झाकणात सपाट. पुठ्ठा आम्लाचा नको, नाहीतर पिवळा पडेल.”

त्यांनी फुटपट्टीने मापं घेतली. मासिकांच्या आकारात इतका फरक की तीन वेगवेगळ्या पेट्या लागणार. हिशेब बांधणीपेक्षा जास्त झाला. त्यासाठी लागणारा अर्ज मी त्यांच्यासमोरच लिहायला घेतला.

दुपारी ३.३०

आमच्या मागच्या गल्लीत लेडीज टेलरचं दुकान आहे. मास्टर दर महिन्याला नवे अंक बघायला येतात. सभासदत्वाचा नियम त्यांना लावू नये असं मी वरिष्ठांकडून लिहून घेतलेलं आहे. ते इंग्रजी वाचत नाहीत आणि मासिक त्यांच्याइतकं बारकाईने वाचणारा माणूस मला आमच्या कॉलेजात माहीत नाही.

२००७च्या ऑक्टोबरपासून निघणाऱ्या भारतीय ‘व्होग’चा ताजा अंक त्यांनी उघडला आणि एका पानावर थांबले. “हा कोट बघा मॅडम. तिच्या मापाचा नाही हा. मागून चिमटे लावलेत.”

“कशावरून?”

“खांद्यावरून खाली बघा. कापड मागे ओढलंय. पुढून साफ दिसतं, पण बगलेजवळ बारीक चुण्या आल्यात. शिवलेल्या कपड्याला अशा चुण्या येत नाहीत.”

छायाचित्र काढताना कपडा अंगासरसा बसावा म्हणून पाठीमागे चिमटे लावण्याची पद्धत सगळीकडेच आहे. पण फोटो बघून ते ओळखणं वेगळं. मास्टरांकडे गिऱ्हाइकं हल्ली मोबाइलवरचा फोटो घेऊन येतात आणि “अस्संच हवं” म्हणतात. तेव्हा मास्टर त्यांना आमच्याकडच्या छापील पानाचा दाखला देतात, कारण मोठ्या पानावर शिवण दिसते, कापडाचा पोत दिसतो, आडवं कापलंय की उभं ते कळतं. बारीक पडद्यावर ते कळत नाही. मासिकांचा वाचक म्हणून जाहिरातदारांच्या पाहणीत मास्टरांसारखा माणूस कधी धरला जात असेल असं मला वाटत नाही. माझ्या वार्षिक अहवालात मात्र त्यांची नोंद असते.

दुपारी ४.३०

आता तळाचे गठ्ठे. ‘स्त्री’ १९३०मध्ये किर्लोस्करवाडीत सुरू झालं, नांगर बनवणाऱ्या कारखान्याच्या गावात. संपादक शंकरराव किर्लोस्कर. पुढे ऐंशीच्या दशकात विद्या बाळ संपादक झाल्या, आणि १९८९मध्ये त्यांनी ‘मिळून साऱ्याजणी’ काढलं. ‘फेमिना’ १९५९ची, मुंबईची, इंग्रजीतली, आणि तिचं संपादन विमला पाटील या मराठी बाईंनी दीर्घकाळ केलं. बाजारात हे दोन वेगळे वर्ग मानले जात. बाईंच्या खोक्यात दोन्ही एकाच सुतळीने बांधलेली आहेत. ‘फेमिना’तला गळा बघायचा आणि ‘स्त्री’तला लेख दुपारी मोठ्याने वाचायचा, असं एकाच खोलीत चालत असणार. ‘स्त्री’च्या एका अंकात घटस्फोटाच्या कायद्यावरच्या लेखाशेजारी कुणीतरी पेन्सिलीने बारीक उभी रेघ मारली आहे. तांबडी नाही, निळी नाही, साधी पेन्सिल. म्हणजे बाईंची नसावी, एखाद्या शिकायला येणाऱ्या मुलीची असेल.

वाचकांची पत्रं मी स्वतंत्र सूचीत घेते. लंडनच्या ‘इंग्लिशवुमन्स डोमेस्टिक मॅगझिन’मध्ये १८६०च्या दशकात घट्ट कॉर्सेटवरून पत्रांची झुंबड उडाली होती, आणि त्यातली खरी किती नि रचलेली किती यावर इतिहासकार अजून वाद घालतात. तो वाद शक्य झाला कारण कुणीतरी पत्रांची पानं ठेवली.

पाकिटांत आता बरंच जमलंय. क्रेप कापडाचा तुकडा, नायलॉनची लेस, बसच्या तिकिटामागे लिहिलेली मापं: उंची, छाती, कंबर, बाही, मुंढा. बऱ्याच चिठ्ठ्यांवर गिऱ्हाइकांची नावंही आहेत. त्या बायकांनी आपलं माप टेलरबाईला दिलं होतं, ग्रंथालयाला नाही. म्हणून नाव असलेल्या चिठ्ठ्या बंद पाकिटात जातील, वाचकांना नाव झाकलेली छायाप्रत मिळेल. संगणकाच्या नोंदीत मी एक नवा रकाना केला: ‘वाचकाच्या खुणा’. त्यात गिरवलेला पॅटर्न, बदललेली रेषा, कापलेला कोपरा, चिकटवलेला नमुना, समासातली रेघ, जे दिसेल ते. एका अंकाला यामुळे तिप्पट वेळ लागतो. कार्यालयाच्या चिठ्ठीला उत्तर म्हणून मी पहिल्या काही अंकांच्या अशा नोंदी छापून जोडल्या. त्या वाचल्यावर कुठला अंक ‘फाटका’ ते त्यांनीच मला सांगावं.

संध्याकाळी ६.१५

वाचनकक्ष रिकामा झाल्यावर बाईंना फोन लावला. आता त्या डोंबिवलीला भाचीकडे राहतात.

“बाई, नमस्कार. खोकी पोचली. एक विचारायचं होतं. अठ्ठावीस नंबरचा कोट आहे ना, त्याची फक्त कॉलर गिरवलीय. बाकी काहीच नाही.”

“हो तर. कोट कोण घालणार लालबागला?” बाईंना क्षणभरही आठवावं लागलं नाही. “ती कॉलर मी पोरींच्या फ्रॉकला लावली. शाळेच्या स्नेहसंमेलनाला. मागची बाजू अरुंद केली, नाहीतर लहान मानेला उभी राहते. तांबडी रेघ आहे बघा तिथे.”

“आहे.”

“आणि त्याच कागदाच्या मागे प्रिन्सेस कट आहे, त्याच्यावर किती ब्लाऊज बेतले असतील! तो कागद सांभाळा.”

मी त्यांना पेट्यांबद्दल सांगितलं, रकान्याबद्दल सांगितलं. त्या ऐकत होत्या. मग म्हणाल्या, “कपाटात ठेवाल ते बरं आहे. पण तुमच्या मुलींना रेषा सापडवता येतात का?”

मी खरं ते सांगितलं: येत नाहीत. त्या संगणकावर बेततात.

“मग गुरुवारी मला न्यायला कुणाला तरी पाठवा. मोठं टेबल मोकळं ठेवा. ब्राऊन पेपरची गुंडाळी, कार्बन, दातेरी चाक दोन तरी. आणि पोरींना म्हणावं, मापं एकमेकींची घ्यायची, अंकातली घेऊ नका.”

मूळ कागदावर चाक फिरवू देता येणार नव्हतं, दात्यांनी भोकं पडतात. तेव्हा त्या अठ्ठावीस नंबरच्या कोटाच्या कागदाची दोन्ही बाजूंनी पूर्ण आकाराची प्रत काढायला नकाशे छापणाऱ्या दुकानात उद्या सकाळी पाठवायचं ठरवलं. शिपाईदादा जायला तयार आहेत. गुरुवारी दुसऱ्या वर्षाचा दुपारचा तास मोकळा आहे. फळ्यावर सूचना लिहिली, टेप आणायला सांगितलं, आणि सात वाजता यंत्राचा डबा रिकामा करून ते रात्रीसाठी पुन्हा चालू केलं.